हेमालीचा दुसरा स्पीकर

आंबिवलीच्या हेमालीचा डावा कान लहानपणी गालगुंड झाल्यावर कायमचा गेला. तरी कॉलेजात गेल्यावर तिने ठरवलं, घरात चांगला स्टिरिओ लावायचा. शिकवण्यांच्या पैशांत नवा परवडणार नव्हता, म्हणून कल्याणच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून तिने वापरलेला अॅम्प्लिफायर घेतला. स्पीकर निवडताना सोबत आलेल्या प्रणितने, तिच्या भावाने, दुकानदाराला सांगून टाकलं, "काका, एकच द्या. हिला एकाच कानाने ऐकू येतं."

दुकानदाराने जोडीतला एक स्पीकर बाजूला ठेवला. हेमालीने तो परत ओढला.

"एक डोळा झाकला तर तू अर्ध्या पडद्याचं तिकीट काढतोस का रे? दोन्ही द्या, काका."

घरी वडिलांनीही विचारलं, "दुसरा कशाला गं? शोभेला?"

तिने वायरी सोलून जोडल्या, खिडकीच्या दोन बाजूंना स्पीकर मांडले आणि तोंडपाठ असलेलं एक गाणं लावलं. आजवर ती ते उजव्या कानातल्या इयरफोनवरच ऐकत आलेली. डावा नुसता गळ्यात लोंबायचा. मधल्या कडव्यात अचानक ढोलकी वाजली. या गाण्यात ढोलकी आहे हे तिला माहीतच नव्हतं. ती उठून डाव्या स्पीकरपाशी गेली. ढोलकी फक्त त्यातूनच येत होती, उजव्यातून नाही. इतकी वर्षं ती त्या लोंबत्या इयरफोनमध्ये वाजत राहिलेली.

हेमालीने आवाज वाढवला.

"अगं, कमी कर, शेजारी ओरडतील," वडील म्हणाले.

"ओरडू देत," ती म्हणाली, आणि गाणं पहिल्यापासून लावलं.