तात्यांची अडणारी बंदूक

"तात्यांचं वय झालंय. एक तारखेपासून ते ड्यूटीवर नकोत," मॅनेजर म्हणाले. "आणि तुम्ही नवी गन सुचवा. फीचर्स लिहून द्या."

लोणी देवकरच्या एका कारखान्यातली ही गोष्ट. मी फौजेत आर्मोरर होतो, म्हणजे बंदुकांचा मेकॅनिक. आता बारामतीत परवान्याच्या बंदुका दुरुस्त करतो. तात्या या कारखान्याच्या गेटवरचे गार्ड, तेही माजी सैनिक. आदल्या दिवशी फायरिंग टेस्टमध्ये त्यांची बंदूक दोनदा अडली होती.

बंदूक पंप-ॲक्शन. नळीखालची मूठ मागं ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढं ढकलली की नवं आत जातं. हात अर्ध्यात थांबला तर बंदूक अडते. मॅनेजरांनी ठरवून टाकलं, तात्यांच्या हातात जोर उरला नाही.

टेबलावर कॅटलॉग होता. टॉर्च, दुमडणारा दस्ता, आणखी काय काय. माझं डोकंच फिरलं.

"साहेब, गेटवर उभं राहायचंय, वरातीत मिरवायचं नाही. आधी जुनी दाखवा."

तात्यांनी ती रिकामी करून हातात दिली. दस्ता त्यांच्या हाताच्या मापाचा. सेफ्टीचा खटका न बघता अंगठ्याला सापडणारा. नळी उन्हात न चमकणारी. अजून काय पाहिजे माणसाला? मग मूठ ओढली. करकरली आणि मध्येच अडली.

"तात्या, ही शेवटची कधी खोललीत?"

"आमाला खोलायची परवानगीच न्हाय. तसं सर्क्युलर हाय."

"सेफ्टीसाठी," मॅनेजर म्हणाले.

पुढची टोपी हातानं फिरवून नळी काढली. आत लालभडक लगदा! तेलात कालवलेलं हळदकुंकू. तीन आठवड्यांपूर्वीची खंडेनवमी, शस्त्रपूजा.

"पूजा कुणी केली?"

तात्या बुटांकडं बघायला लागले. मॅनेजर म्हणाले, "मीच. अगदी मनापासून केली हो."

"ते दिसतंय."

"तात्या, तुम्ही अडवलं का नाही?" मी विचारलं.

"सायबांचा हात हुता. धरू कसा? वाटलं, वरवर लागलं आसंल. काल आडली तवा म्हणलं, आपलाच हात गेला." त्यांचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं बंदूक सांभाळलेला माणूस स्वतःच्या हातावर संशय घेत होता.

ब्रश आणि चिंधीनं बंदूक साफ केली. दुपारी रेंजवर तात्यांनी पाच राउंड सोडले. एकदाही अडली नाही. मॅनेजरांनी तात्यांना कमी करायचं तयार ठेवलेलं पत्र फाडलं.

"मग फीचर्सचं काय?" त्यांनी विचारलं.

मी एकच ओळ लिहिली : 'वापरणाऱ्या गार्डला स्वतःच्या हातानं खोलून साफ करता यावी.' म्हणालो, "ही सोय जुन्या गनमध्ये आहे. सर्क्युलरमध्ये तेवढी घाला."

पुढच्या खंडेनवमीला मला जेवायला बोलावलं होतं. तात्यांनी बंदूक नळीपासून ट्रिगरपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली होती. लाकडी दस्ता तेवढा उघडा. मॅनेजरांची कुंकवाची चिमूट सवयीनं पुढं सरकली.

तात्यांनी त्यांचं मनगट धरलं.

"हितं, सायेब," म्हणाले, आणि हात दस्त्यावर नेऊन ठेवला.