चार राजदूतांची सहल आणि कोठीतली परी

स्वयंपाकघरात किस्से खरकट्या भांड्यांसारखे साठतात. एक घासून पालथं घालावं, तर दोन मोरीत पडलेली! पण गेल्या आठवड्यातले किस्से मी अजून कुणाला हसून सांगितलेले नाहीत. उद्या अक्कांनी बोलावलंय. कामावर ठेवणार की काढणार, ते तेव्हा कळेल. तोवर जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहिते.

अक्का म्हणजे आमच्या मालकीणबाई. कोल्हापूरबाहेर त्यांचा मळा, आणि मळ्यात पाहुण्यांसाठी चार खोल्या. मी तिथं स्वयंपाक करते. अक्कांचे धाकटे भाऊ दिल्लीत परराष्ट्र खात्यात मोठे साहेब. ते चार देशांचे राजदूत घेऊन दोन दिवस येणार होते.

त्याआधी एकदा येऊन साहेबांनी आम्हाला समजावलं. जगाची एक मानवाधिकार परिषद असते, माणसांना नीट वागवतात की नाही ते बघणारी. तिच्यावर निवडून जायला आपला देश उभा आहे. मत देणारा देश लहान असो की मोठा, मत एकच.

"म्हंजे ठरावधारकच की!" ड्रायव्हर मारुतीमामा म्हणाले.

मामांचं आयुष्य दूध संघाच्या निवडणुकीत गेलं. तिथं गावच्या एकेका डेअरीतर्फे एकच माणूस मत देतो, तो ठरावधारक. दुसऱ्या पार्टीनं फोडू नये म्हणून मतदानाआधी त्या माणसांना सहलीला नेतात.

"मामा, ही डिप्लोमसी आहे," साहेब म्हणाले. "यातला एक देश आपल्या तालुक्यापेक्षा लहान आहे. तरी त्याला जपायचं."

"जपायचंच! आमच्याकडं बंद पडलेल्या डेअरीचा माणूस सगळ्यात पुढच्या सीटवर बसवत्यात!"

* * *

त्याच दिवशी साहेबांना माझी परी दिसली. चार वर्षांची आहे. माझ्याशेजारी बसून मटार सोलत होती.

"ही काय करते?"

"खेळत्या, साहेब."

"पाहुण्यांना खेळ दिसणार नाही, काम दिसेल! बालमजुरी! एक फोटो निघाला की संपलं सगळं."

अक्का म्हणाल्या, "दोन दिवस पोरीला आणू नको. जमत नसलं तर सांग, दुसरी बाई बघते."

आणू नको म्हणजे ठेवू कुठं? सासू नेसरीला. नवरा इचलकरंजीत मागावर. परीला दम लागतो, वेळेवर तोंडात पंप द्यावा लागतो, शेजारीण त्याला घाबरते. सुट्टी घ्यावी तर दुसरी बाई येणार, आणि आलेली बाई परत जाते होय?

मी परीला स्वयंपाकघराला लागून असलेल्या धान्याच्या कोठीत बसवलं. चुरमुऱ्यांचा डबा दिला आणि दार लोटून घेतलं. दोन दिवस हात कढईत आणि कान कोठीत!

* * *

राजदूतांची गाडी मळ्यात शिरायच्या आधीच मामांनी कापडी पिशवी फिरवली. "पावणं, फोन हितं टाका."

चौघांनी निमूट टाकले. त्यांना वाटलं, सिक्युरिटी असेल! दोन तासांनी एकानं साहेबांना अदबीनं विचारलं, "फोन कधी मिळतील?" साहेब पांढरेफटक.

"मामा, तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला लागतंय? मधीच दुसऱ्या पार्टीचा फोन आला म्हंजे?"

* * *

रात्री निवांत जेवताना मताचा विषय काढायचा, असा साहेबांचा बेत होता. पण अक्का जैन. दिवस बुडाल्यावर त्यांच्या घरात कुणी जेवत नाही. साडेपाचलाच पानं वाढली!

साहेबांनी तीनदा विषय काढला. तिन्ही वेळा अक्कांनी राजदूतांच्या ताटात पुरणपोळी वाढली. मधेच कोठीतून खोकला आला, तेव्हा मी हातातली परात मुद्दाम पाडली. दिवस बुडाला, विषय तसाच राहिला.

"पोटभर जेवल्यालं माणूस न्हाय म्हणत न्हाय," अक्का म्हणाल्या.

साहेबांचं दिल्लीचं मराठी तिथंच संपलं. "अगं, पर व्हय म्हणायला तरी त्येंचं तोंड मोकळं सोड की!"

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ताटलीत भंडारा, म्हणजे देवाची हळद, घेऊन उभे. आमच्याकडं मत पक्कं करायचं तर भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ घेतात. पाहुण्यांना काय माहीत! चौघांनी हौसेनं हात ठेवला, कपाळाला लावला, वर परत मिळालेल्या फोनवर फोटोही काढले.

"चारी मतं पक्की!" मामा म्हणाले.

साहेबांनी डोक्याला हात लावला. "मामा, तिथं मतदान गुप्त असतं!"

"आमच्यातबी गुप्तच असतंय की! म्हणून तर भंडारा!"

* * *

मग निघायची वेळ झाली. चौघांत पांढऱ्या केसांच्या एक आजी होत्या, तालुक्यापेक्षा लहान असलेल्या त्या देशाच्या. माझे आभार मानायला त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या. मागोमाग साहेब आणि अक्का. मी हात जोडले आणि कोठीत खोकल्याची उबळ सुरू झाली. थांबेना. श्वासाची शिट्टी बाहेरपर्यंत ऐकू येऊ लागली.

काम गेलं, हे मला त्याच क्षणी कळलं. तरी धावले, सगळ्यांसमोर दार उघडलं, परीला मांडीवर घेऊन पंप दिला. एकदा. मग दुसऱ्यांदा. त्या आजी तांदळाच्या पोत्याशेजारी खाली बसल्या आणि परीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

श्वास शांत झाल्यावर आजींनी इंग्रजीत हळूच काहीतरी विचारलं.

साहेब घुटमळले. मग परीला म्हणाले, "त्या विचारतायत, तू इथं आत का बसलीस?"

परीनं आजींकडं बघितलं. "आजी, तू मत दिलंस का? आई म्हणाली, तुम्ही मत देऊन गेलासा की मगच मी भाईर यायचं."

आजी हसऱ्या तोंडानं साहेबांकडं वळल्या, आता इंग्रजीत कळेल म्हणून. साहेब चष्मा पुसत होते. पुसून झाला, तरी पुसतच होते.

"साहेब," मी म्हटलं, "सांगा की त्यांना."