पडद्यात शिवलेली वायर

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या शिंपीणबाईंना सगळे टाचणीताई म्हणतात. दिवसातला बराचसा वेळ त्यांच्या ओठांत टाचण्या असतात आणि त्यांच्या फटीतूनच त्या बोलतात. आम्हा शेजाऱ्यांना सगळं समजतं. नवं गिऱ्हाईक मात्र घाबरून नुसती मान डोलावत राहतं. रागावतानाही त्या टाचण्या काढत नाहीत. त्यांनी टाचण्या काढून शिवणकामाच्या छोट्या उशीवर खोचल्या, की समजावं, आता काहीतरी मोलाचं बोलायचं आहे.

त्यांच्या हातचा कपडा घालून बघताना प्रत्येकाला एक परीक्षा द्यावी लागते. आरशात बघून माणूस खूश झालेला असतो, तेवढ्यात मागून हुकूम येतो, "हात वर करा. दोन्ही." हात वर केले आणि सदरा किंवा पोलकं त्याबरोबर वर चढलं, की लगेच उतरवून घेतात आणि बाही उसवतात. "माणूस काय आरशासमोर उभा राहायला कपडे घालतो? फळीवरचा डबा काढायचा असतो, दोरीवर कपडे वाळत घालायचे असतात," असं त्यांचं म्हणणं.

या परीक्षेमागे त्यांच्या लग्नाची गोष्ट आहे. त्यांचे यजमान बसमध्ये कंडक्टर होते. दिवसभर एक हात वरच्या दांड्याला, त्यामुळे गणवेशाचा शर्ट सदा पँटबाहेर. साहेबाने त्यावरून दोनदा झापलं, तेव्हा ते शर्ट घेऊन या नव्या शिंपीणबाईंकडे आले. त्यांनी बगलेत कापडाचा चौकोनी तुकडा तिरका लावला आणि दाराच्या चौकटीला धरून उभं राहायला सांगितलं. शर्ट जागचा हलला नाही. "शर्ट राहिला जागेवर, मी हललो," असं कंडक्टर आजही सांगतात. त्यावर आतून टाचण्यांतून आवाज येतो, "पुरे."

मी शाळेत शिकवायचे, तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी माझ्या वर्गात होती. वह्यांना घातलेली कव्हरंसुद्धा हिची अशी, की कोपरा कुठे दुमडलाय ते दिसायचं नाही. आईच्या हाताखाली शिवण शिकली आणि मोठी झाल्यावर परदेशात एका नाटक कंपनीच्या कपडेखात्यात कामाला लागली. कंडक्टरांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. टाचणीताई मात्र म्हणाल्या, "नाटकाचे कपडे म्हणजे लांबून बघायचे कपडे. वरून जरी आणि आतून कच्चे टाके!" मुलीने बॅग भरली. गेली ती गेली. फोन रोज येई. हवापाणी, जेवण, गुडघेदुखी, सगळ्यावर बोलणं होई. शिवणावर चकार शब्द नाही. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ मशीन चालतं, त्या घरातल्या मायलेकी शिवण सोडून बाकी सगळं बोलत. माझ्यासारख्या परक्या बाईलाही ते टोचायचं, मग त्यांना किती टोचत असेल!

आणि एक दिवस मुलीने फोनवर सांगितलं, की तिने एकटीने पहिला कोट शिवलाय. नाटकातल्या सरदाराचा. एका रविवारी ते नाटक तिथली एक वाहिनी रंगमंदिरातून थेट दाखवणार होती आणि इतर देशांतल्या लोकांनाही घरबसल्या बघता येणार होतं.

"आई, शेवटच्या अंकात तो टेबलावर चढतो," ती म्हणाली. "तेव्हा बघ."

एवढंच. पुढे काय, ते तिने सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून टाचणीताईंना चैन नव्हतं. फोटोवरून बरं म्हणायला त्या तयार नव्हत्या. "फोटोत कपडा हलतो का?" फोनवरही बघायचं नव्हतं. "तळहाताएवढ्या पडद्यावर शिवण दिसते का? न बघता छान छान म्हणायला मी काय पाहुणी आहे? मोठ्या टीव्हीवर लावा."

टीव्ही शिवणखोलीत, इंटरनेटचा राऊटर बाहेरच्या खोलीत आणि दोन्हींच्या मधे ताग्यांनी गच्च भरलेलं लोखंडी कपाट. त्यातून पलीकडे काही पोचेना. कपाट हलवायचं नाव काढलं, की टाचण्यांतून नुसता "अं हं" एवढाच आवाज येई. मग कंडक्टर कामाला लागले. निवृत्तीनंतर त्यांना इतकं आनंदात मी प्रथमच पाहिलं. मुलगी फोनवरून सांगे आणि हे इकडे जुळवाजुळव करत. टीव्हीला जोडायची परदेशी वाहिन्यांची डबी आली. मुलीचे जुने व्हिडिओ आणि बघायचे राहिलेले कार्यक्रम साठवायला राऊटरशेजारी आणखी एक पेटी आली. स्वयंपाकघरात जुना टॅब्लेट भिंतीला टेकला.

"राऊटर म्हणजे डेपो," त्यांनी मला बोट दाखवून समजावलं. "इथून गाड्या सुटणार. स्वयंपाकघर पहिला थांबा, शिवणखोली शेवटचा. बाई, तुम्हाला वरच्या मजल्यावर पास देऊ का?"

"मोफत?"

"शिक्षकांना सवलत."

शिवणखोलीसाठी मात्र वायर टाकावी लागली. राऊटरपासून निघालेली वायर दरवाजावरून खिडकीच्या पडद्याच्या कडेने शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. कंडक्टरांनी ती चांगली लांब घेतली होती आणि उरलेलं वेटोळं पडद्याच्या दांडीला लटकवून ठेवलं होतं. पहिल्यांदा चित्र आलं, तेव्हा त्यांनी खिशातली तिकिटं पंच करायची जुनी कैची काढून दोनदा वाजवली. परदेशातला कोणी माणूस पावसाच्या कोटात उभा राहून काहीतरी सांगत होता. कोणाला एक अक्षर समजलं नाही, पण आम्ही सगळे कौतुकाने बघत बसलो. टाचणीताईंनी त्या माणसाच्या कोटाची कॉलर बघून नाक मुरडलं.

रविवार उजाडला. दुपारी नाटक. त्याच दिवशी पोहण्याचे मास्तर ट्रायलला येणार होते. जवळच्या तलावावर पोहायला शिकवणारा हा माणूस दारातून तिरका होऊन आत येतो, एवढे त्याचे खांदे. तयार कपडा त्याला कुठलाच बसत नाही. कच्च्या टाक्यांचा कोट अंगावर चढवून ते शिवणखोलीत उभे होते, टाचणीताई त्यांच्याभोवती फिरत होत्या आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर जागा धरून बसले होते. कंडक्टरांनी टीव्ही लावला.

पडदा काळा. वर एक ओळ आली, जोडणी नाही.

"काल रात्रीपर्यंत तर चालत होता!" कंडक्टर बाहेर धावले. राऊटरचे दिवे हिरवे. स्वयंपाकघरातल्या टॅब्लेटवर रंगमंदिर व्यवस्थित दिसत होतं. लोक खुर्च्यांवर येऊन बसत होते. कंडक्टरांनी डबी काढली, फुंकली, परत लावली. मुलीला फोन करावा तर ती पडद्यामागे कामात, फोन बंद. टाचणीताईंची सुई थांबली होती. पोहण्याच्या मास्तरांच्या बाहीवर ठेवलेला त्यांचा हात तसाच राहिला होता.

"अहो, फोनवर बघू या ना," मास्तर चाचरत म्हणाले.

"टाचणी लागेल. हलू नका."

कंडक्टर खोलीच्या मधोमध उभे राहिले. "गाडी डेपोतून सुटली," ते स्वतःशीच म्हणाले. "पहिल्या थांब्याला पोचली. शेवटच्या थांब्याला नाही. म्हणजे वाटेत कुठेतरी बंद पडलीय." आणि त्यांनी राऊटरपासून वायर बोटांत धरून चालायला सुरुवात केली. दरवाजावरून, कपाटामागून, खिडकीशी. पडद्याशी वायर दिसेनाशी झाली. ती आता पडद्याच्या दुमडीच्या आत होती. बाहेर लटकणारं वेटोळं गायब. दुमडीवरून बोट फिरवता फिरवता एका जागी ते थांबले.

"अगं, हा उंचवटा कसला?"

"कसला?" टाचण्यांमधून उत्तर आलं. "शिवण आहे."

"वायरीला शिवण?"

"लोंबत होती घाणेरडी. हातभर तरी जास्त होती. आत घेतली."

कंडक्टरांनी दुमड उलगडली. वायर मधून कापून, जास्तीचा तुकडा काढून टाकून, दोन टोकं एकमेकांवर ठेवून जोडली होती. आतले बारीक रंगीत तारांचे धागे रंगाला रंग जुळवून रेशमी दोऱ्याने बांधले होते आणि वरून कापडाची पट्टी इतकी सफाईने बसवली होती, की दुकानात मांडून ठेवावी.

"लाल लालला लावलाय, निळा निळ्याला," त्या जरा घाईने म्हणाल्या.

"अगं, वरचं साल नको का काढायला? तारेला तार भिडायला हवी!"

"मग आधी सांगायचं होतं. लांबी जास्त आणताना मला विचारलंत?"

"लांबी जास्त असू दे म्हणून आणतात!"

"म्हणून शिवणीत सोडतात तशी जास्तीची माया सोडली होती की इंचभर, ही बघा आत," असं म्हणून त्यांनी दाखवलीही. पोहण्याच्या मास्तरांना हसू आवरेना. टाचणीताईंना मात्र आवरेना ते दुसरंच काहीतरी. त्यांच्या ओठांतल्या टाचण्या थरथरल्या. "पहिला अंक गेला का हो?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता.

कंडक्टरांनी तो आवाज ऐकला आणि भांडण तिथेच टाकलं. "जाऊ दे गाडी. प्रवाशांनाच डेपोत नेऊ. राऊटरजवळ छोटी वायर पडलीय, टीव्ही बाहेर उचलून नेऊ."

तो टीव्ही जुना, चांगला वजनदार. कंडक्टरांच्या कमरेला तो झेपला नसता. मास्तर पुढे झाले आणि त्यांनी तो पोरासारखा उचलला.

"हात वर करू नका!" टाचणीताई मागून ओरडत निघाल्या. "कोपरं अंगाला लावा! बाही कच्ची आहे! मास्तर, श्वास बेताने घ्या!"

जन्मभर लोकांना हात वर करायला लावणाऱ्या बाई आज एका माणसाला हात खाली ठेवा म्हणून विनवत होत्या. कंडक्टर पुढे चालत, "चला, पुढे सरका, मधली जागा सोडा," करत होते. बाहेरच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर टीव्ही विराजमान झाला, छोटी वायर खटकन बसली आणि चित्र आलं. नाटक अर्ध्यावर आलं होतं.

भाषा समजत नव्हती. कंडक्टर आपल्या मनाने अर्थ लावून सांगत होते. त्यांच्या मते सरदाराचं घोडं हरवलं होतं. टाचणीताईंचं घोड्याकडे लक्ष नव्हतं. त्या टीव्हीच्या इतक्या जवळ स्टूल घेऊन बसल्या होत्या, की आम्हाला अर्धं नाटक त्यांच्या अंबाड्याआडून बघावं लागत होतं. कोट गर्द हिरवा होता. सरदार वळला, वाकला, कोणाला तरी मिठी मारली. त्या बघत होत्या.

शेवटचा अंक आला. सरदार टेबलावर चढला. काहीतरी मोठ्याने म्हणाला आणि वरच्या झुंबराकडे दोन्ही हात उंच केले, अगदी बोटं ताणून. तसाच उभा राहिला.

कोटाची कड जागची हलली नाही. पट्टा जिथे होता तिथेच राहिला.

कंडक्टरांचं घोडं मधेच थांबलं. टाचणीताईंनी ओठांतली एक टाचणी काढून उशीवर खोचली. मग दुसरी. मग एकेक करत सगळ्या.

टाळ्या संपल्यावर थोड्या वेळाने फोन वाजला. पलीकडे गडबड, हसणं, कोणीतरी कोणाला हाका मारत होतं. मुलीचा घामेजलेला चेहरा दिसला. मी शाळेत तोंडी परीक्षेला उभी राहिलेली मुलं खूप पाहिलीत. तसाच तो चेहरा होता.

"आई, बघितलंस?"

"बघितलं."

मुलगी वाट बघत होती. आम्हीही.

"बगलेत तिरका तुकडा घातलायस," टाचणीताई म्हणाल्या.

"हो. तुझाच."

"माझा नाही. माझ्यात कड बोटभर तरी उचलली जाते. इतकी वर्षं जाते. बाबांच्या शर्टातही जाते, त्यांना कळलेलं नाही."

"काय?" कंडक्टर म्हणाले. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"तू काहीतरी वेगळं केलंयस. चौकोन ठेवला नाहीस ना?"

"नाही," मुलगी हळूच म्हणाली. "एक टोक लांब घेतलं. पाठीकडचं. आणि कापताना..." तिने बाहीने डोळे पुसले.

"रडतेस काय? कापताना काय? नीट सांग. थांब, थांब, खडू घेते." टाचणीताईंनी टेबलावर कागद पसरला. "हं. पाठीकडचं टोक किती लांब?"

मग जे सुरू झालं ते काही लवकर थांबणारं नव्हतं. लेक सांगत होती, आई आखत होती, मधेच खोडत होती, "असं नाही गं, मला दाखव," म्हणत होती आणि पलीकडून मुलगी तो हिरवा कोट उलटा करून आतली शिवण फोनसमोर धरत होती. आतून एकही कच्चा टाका नव्हता. कंडक्टरांनी खिशातून कैची काढून हळूच दोनदा वाजवली.

अर्ध्या तासाने टाचणीताईंना खोलीत आणखीही माणसं असल्याची आठवण झाली. त्या वळल्या. पोहण्याचे मास्तर कोपरं अंगाला लावून, श्वास बेताने घेत, तसेच उभे होते.

"मास्तर, कोट काढा. बाही उसवते," त्या म्हणाल्या. चेहरा असा उजळलेला, की जणू बक्षीसच जाहीर करत होत्या. "नव्या पद्धतीने लावते. माझी मुलगी सांगतेय."

"परत? ताई, हा तिसरा ट्रायल!" असं म्हणत मास्तरांनी शरण आल्यासारखे दोन्ही हात वर केले, आणि दोन्ही बगला एकदम टर्रकन उसवल्या.

मायलेकींपैकी आधी कोण हसली, इकडची की फोनमधली, ते मला सांगता येणार नाही.