भारतीचं रक्त थांबेना

“उद्या सकाळी गर्भपिशवी काढतोय. ग्रुप बघा आणि जुळणारं रक्त क्रॉसमॅच करून ठेवा,” स्त्रीरोगतज्ज्ञ सरांचा फोन आला.

“पेशंटचं वय, सर?”

“एकोणीस. नाइलाज आहे हो. पाळी थांबतच नाही. गोळ्या झाल्या, क्युरेटिंग करून पिशवीही साफ केली. हिमोग्लोबिन चारवर आलंय.”

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. ठाण्यातल्या त्या नर्सिंग होमच्या तळमजल्यावर माझी पॅथॉलॉजी लॅब होती. सिरिंज घेऊन मी वर गेले. भारती कळव्याची, खाडीकाठच्या कोळ्यांची. ओठ पांढरेफटक. उशाशी आई, पार्वतीबाई. त्या बाजारात मासळी विकायच्या.

रक्त घेतलं, कापूस दाबला. भिजला. दुसरा दिला, तोही भिजला. आधी टोचलेल्या जागी काळेनिळे डाग होते.

“ताई, घरात आणखी कुणाचं रक्त असं थांबत नाही का?”

पार्वतीबाई हळूच म्हणाल्या, “माजा. कोयता लागला का दिसभर वाहतं. हिच्या जल्माच्या येली मरता मरता वाचले. सासू बोलली, बाहेरचा हाय, भुताचा.”

रक्त थांबताना आधी प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी जखमेला चिकटून बूच बसवतात. मग रक्तातली प्रथिनं त्यावर जाळं विणतात. तीच गुठळी. भारतीच्या प्लेटलेट भरपूर होत्या. पण कानाच्या पाळीला टोचून टिपकागदाने टिपत बसले, तर रक्त थांबेचना. पार्वतीबाईंचंही तेच. पेशी होत्या, त्यांना चिकटवणारं प्रथिन कमी असावं. हा दोष आईबापांकडून येतो.

मी सरांना गाठलं. “सर, रोग पिशवीत नाही, रक्तात आहे. ऑपरेशन केलंत तर मुलगी टेबलावरच जाईल.”

“खात्री आहे?”

“पक्की टेस्ट मुंबईला होईल. तोवर ताजा प्लाझ्मा देऊन बघा.”

सरांनी केसपेपरवर काट मारली. “ठीक. ऑपरेशन कॅन्सल.”

प्लाझ्मा म्हणजे पेशी काढल्यावर उरणारं रक्ताचं पाणी. हवं ते प्रथिन त्यात असतं. हळूहळू रक्त आटोक्यात आलं. मुंबईच्या रिपोर्टमध्येही तेच निघालं.

समजावून सांगितलं तेव्हा पार्वतीबाईंना रडू फुटलं. “म्हंजे मीच दिला पोरीला?”

“ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून ती वाचली.”

“आनि ते बाहेरचा?”

“बाहेरचं काही नव्हतं हो. तुमचं काही चुकलं नव्हतं.”

त्या कितीतरी वेळ पदराने डोळे पुसत होत्या.

पुढे भारतीचं लग्न झालं. बाळंतपणाला सरांनी प्लाझ्मा आधीच मागवून ठेवला. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

लॅबमध्ये नंतर पुष्कळ मशीनं आली. आईला विचारणारं मात्र अजून एकही आलेलं नाही.