तात्याचा दुसरा नळ

दीड महिना झाला. सकाळी गवत कापत होतो, तर कुंपणापलीकडून नामदेवतात्याची सून सुनंदा म्हणाली, "आबा, तात्या गेलं." मी हातातला विळासुद्धा खाली ठेवला नाही, तसाच उभा राहिलो... दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. मधे फक्त तारेचं कुंपण होतं.

मी चौथीत शाळा सोडली. तात्या सातवीपर्यंत टिकला आणि वस्तीला लागून असलेल्या कॉलेजात शिपाई झाला. भवानीनगरच्या रस्त्यावरचं ते कॉलेज वाढत वाढत विद्यापीठ झालं, त्याची भिंत आमच्या उसाला येऊन टेकली. मग विद्यापीठानं शेजारच्या आमच्या वस्तीसाठीही पैसा काढला. रस्ता केला, दिवे लावले, शेवटी घरोघर नळ द्यायचं ठरवलं. यादी तात्यानंच केली. रिटायर झाला होता, तरी त्यासाठी साहेबांच्या केबिनबाहेर दिवसदिवस बसायचा. पण नळ घेणाऱ्यांची नावं रस्त्याच्या तोंडाशी बोर्डावर रंगवणार होते, वर 'लाभार्थी' लिहून. मी म्हणालो, त्या शब्दाखाली माझं नाव लागणार न्हाय. माझी विहीर मी हातानं खणलीय.

"तिचं पाणी मचूळ झालंय. च्या फाटतोय तुझा," तात्या म्हणाला.

"बिनदुधाचा पितो."

बोर्ड लागला, तर त्यावर तात्याचं नाव दोनदा. वस्ती हसली. यादी करणाऱ्यानंच दोन नळ लाटले म्हणाली. मी तर पारावर चारचौघांत विचारलं, "नामदेवा, दोन तोंडं हायती व्हय तुला?" तो खाली बघून म्हणाला, "एक म्हशीसाठी हाय." तेवढंच. त्या दिवसापासून आमचं बोलणं तुटलं.

दुसरा नळ कुंपणाला अगदी चिकटून होता. रोज सकाळी तात्या तिथं बादली भरायचा, वर झाकण ठेवायचा आणि माझ्याकडं न बघता आत जायचा. मी कळशी घेऊन विहिरीवर. गेल्या वर्षी त्यानं म्हैस विकली, तरी बादली भरलेलीच असायची. मला दिसत होतं... म्हशीच्या पाण्यावर झाकण कोण ठेवतं, एवढंही मी स्वतःला विचारलं नाही.

तेराव्याला सुनंदानं सांगितलं. फॉर्म भरताना तात्या तिला म्हणाला होता, "आबाचा नळ माझ्या नावावर लाव. त्याचं नाव बोर्डावर आलं तर तो पाण्याला शिवायचा न्हाय." लोक काय म्हणतील, असं तिनं विचारलं. "म्हणू दे," म्हणाला.

मी विद्यापीठाच्या हापिसात गेलो. तात्याचं एक नाव पुसा, तिथं माझं लिहा म्हणालो. अर्ज द्या म्हणाले. दिलाय. कधी रंगवतील ठाऊक नाही. तोवर बोर्ड वाचून कुणी हसलं की थांबवून सांगतो, दुसरा नळ माझा हाय.

आता सकाळी कुंपणाला वळसा घालून तात्याच्या अंगणात जातो. बादली भरतो, झाकण ठेवतो. मग परत वळसा घालून माझ्या बाजूला येतो, जरा वेळ उभा राहतो... आणि तारेवरून हात घालून बादली उचलतो.