घरात लावलेली तालीम

आमच्या घराला गोशा, म्हणजे बायकांचा पडदा, मी लावला. तो वाडवडिलांपासून आलेला नव्हता. माझी आई राधानगरीकडच्या एका खेड्यात डोक्यावर शेणाची पाटी घेऊन शेताला जाई. लग्न झाल्यावर माझी बायकोही तेच करू लागली. भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात ती माझ्या दोन पावले पुढे असायची. पुढे मी कुस्त्या मारल्या, महाराजांच्या नजरेत भरलो, दरबारातून नेमणूक मिळाली आणि कोल्हापुरात पेठेतल्या एका तालमीचा वस्ताद झालो. मानकऱ्यांत माझी ऊठबस सुरू झाली. त्यांच्या बायका रस्त्यावर दिसत नसत, मग माझी तरी कशी दिसावी? मी पुढच्या दाराला जाड पडदा टांगला, पाण्याला एक बाई ठेवली, दळणाला दुसरी. बायकोला म्हणालो, "आता तुझं कष्ट सरलं." मी तिला सुख देतो आहे, असे मला तेव्हा खरेच वाटत होते.

अकरा वर्षे ती त्या घरात राहिली. माजघर, स्वयंपाकघर, मागचे परडे आणि परड्याची उंच भिंत एवढाच तिचा मुलूख. वर्षातून चार-पाच वेळा देवीला किंवा लग्नकार्याला जायचे, तेही पडदा बांधलेल्या गाडीतून.

चाळिशी उलटल्यावर तिचे महिन्याचे बाजूला बसणे थांबले. घरात याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ती आता रोज स्वयंपाकघरात असते एवढेच माझ्या ध्यानात आले, आणि मला ती सोय वाटली. त्याच सुमारास तिचे अंग सुटू लागले. आधी कंबर, मग पोट, मग दंड. कासाराने हात दाबून दाबून बांगड्या चढवल्या तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले होते, असे आमच्या लहान मुलीने मला सांगितले.

मग एका लग्नाला जाताना आमची गाडी चढाला अडली. दुसऱ्या दिवशी तालमीत माझ्याच बरोबरीचा एक जुना पैलवान सगळ्यांदेखत म्हणाला, "वस्ताद, गाडीला तिसरा बैल जुंपा की. मालकीणबाईस्नी वढायचं म्हंजी दोघांचं काम न्हाय." कुस्तीच्या मातीत, हौद्यात, उतरलेली सगळी पोरे हसली. मीही हसलो. त्याची मान धरायला हवी होती, ते सोडून मी हसलो.

घरी येऊन मी बायकोला समोर बसवले. सुटलेल्या पैलवानाचे अंग कसे उतरवायचे, हे मला ठाऊक होते. त्यापलीकडे मला काही ठाऊक नव्हते.

"उद्यापासनं दळणाची बाई बंद. पायलीभर तू दळायचं. मग खांब धरून पन्नास बैठका."

"बैठका? मी?"

"तूच. तूप, दूध, भात बंद. अर्धी भाकरी सकाळी, अर्धी सांजच्याला."

तिने पदर सावरला. मग म्हणाली, "अवं, त्यापरास मला पहाटंचं रंकाळ्याला चालत जाऊ द्या की. गावाकडं दोन कोस चालत हुतो, तवा कुठं सुटलं हुतं अंग?"

"आपल्यातल्या बायका रस्त्यानं चालत न्हाईत."

"आपल्यातल्या म्हंजी कुणातल्या?"

मी आवाज चढवला. दुसऱ्या दिवशी जाते सुरू झाले.

पैलवानाचे माप ठेवावे तसे मी तिचे माप ठेवले. दर पंधरवड्याला सुतळी तिच्या कमरेभोवती धरायची आणि टोक जुळेल तिथे गाठ मारायची. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. पहिल्या दोन गाठींत बोटभराचाही फरक पडला नाही. पण एका गोष्टीने मला उमेद होती. तिला घाम फार येई. नुसती भाजी निवडत बसली तरी एकाएकी चेहरा लाल व्हायचा, मान भिजायची, चोळी पाठीला चिकटायची. ती पदराने वारा घेई आणि मी मनात म्हणे, मेहनत अंगी लागली. आमच्या तालमीत घाम म्हणजे वितळलेली चरबी, याबद्दल कोणाला शंका नसते.

आमच्या घरी पडद्याआड बेधडक येणारी एकच बाई होती. शेजारच्या गल्लीतली मुसलमान सुईण. माझी दोन्ही मुले तिच्याच हातावर झाली होती. एका दुपारी ती आली तेव्हा बायको अशीच घामाघूम बसली होती. मी कौतुकाने म्हणालो, "बघ चाची, बसल्या जागी घाम निघतोय. चरबी हालली आता."

चाचीने बायकोच्या कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वस्ताद, तुमची अक्कल हौद्यातच ठेवून येता व्हय घरी?"

बायकोने तोंडाला पदर लावला. बऱ्याच दिवसांनी ती हसत होती.

"ह्यो मेहनतीचा घाम न्हाय," चाची म्हणाली. "अंगावरचं जायाचं थांबलं की बाईला आतनं भट्टी लागती. मला बी लागलती. अंग सुटतंय, झोप उडती, हाडं कोरडी पडत्यात. हिला उपाशी ठेवू नगा. दूध द्या. अन् मोकळं चालू द्या, ऊन लागू द्या अंगाला."

"कुठं चालू द्यायचं?"

"रस्ता काय तुमच्या तालमीच्या मालकीचा हाय?"

"सुईणीनं सुईणीचं बघावं," मी म्हणालो.

"तेच बघतीया की बाबा," ती म्हणाली आणि बायकोशेजारी जाऊन बसली.

मी तिचे ऐकले नाही. उलट सुईणीपुढे बायको हसली याचा राग मनात धरून मी बैठका शंभर केल्या.

नंतर आठ-दहा दिवसांत ते झाले. सकाळी मी स्वतः मोजत होतो. सत्तरच्या पुढे गेल्यावर ती म्हणाली, "डोळ्यांम्होरं अंधार येतुया." मी म्हणालो, "दम खाऊ नगंस, अंग गार पडंल." पुढच्या बैठकीत खांबावरचा तिचा हात सुटला आणि ती उजव्या तळव्यावर पडली. पडली म्हणजे फार उंचावरून नाही, बसल्यासारखीच. पण कट असा आवाज आला. तो मी हौद्यात अनेकदा ऐकला होता, दीडशे शेरांचा गडी अंगाखाली हात घेऊन पडतो तेव्हा.

मुलगी धावत चाचीला घेऊन आली. चाची म्हणाली, "दरबारच्या दवाखान्यात बायकांची डॉक्टरीण हाय. तिच्याकडं चला. न्हाईतर तिला हितं बोलवा." मी नको म्हणालो. खरे कारण आज लिहितो. अर्ध्या कोल्हापुराची हाडे मी बसवत होतो. वस्तादाच्या बायकोचे हाड दुसऱ्याने बसवले, हे पेठेत पसरले असते. आणि ते मोडले कसे, हेही डॉक्टरणीने विचारले असते.

मी तिचा हात मांडीवर घेतला आणि पैलवानाला देतो तसा झटका दिला. ती ओरडली नाही. पदराचा बोळा तिने दातांत धरला होता. पैलवानाचे हाड जागेवर आले की अंगठ्याला कळते. हे कळेना. अंगठ्याखाली एरंडाची वाळकी काडी चिरडल्यासारखे काहीतरी सरकत होते. हाडे कोरडी पडतात म्हणजे काय, ते मला त्या क्षणी समजले. तेव्हा तरी हात आवरायचा होता. मी आणखी एक झटका दिला, हळद-अंड्याचा लेप लावला, कामट्या बांधल्या आणि चाचीला म्हणालो, "बसलं."

दीड महिन्याने कामट्या सोडल्या. तळवा एका बाजूला कलला होता आणि मनगटावर उंचवटा आला होता. तिला मूठ मिटता येईना, भाकरी थापता येईना. जाते अर्थातच बंद झाले. तिने एकदाही मला बोल लावला नाही. डाव्या हाताने ती लसूण सोलायची, आणि एका पाकळीला लागणारा वेळ मला दुसऱ्या खोलीत बसूनही जाणवायचा.

शेवटी मी म्हणालो, "उद्या पहाटं रंकाळ्याला जाऊ. मी संगं येतो."

"खरंच?"

"खरं."

तिच्याकडे वहाणा नव्हत्या. अकरा वर्षांत लागल्याच नव्हत्या. मी नवीन आणल्या. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी तिने केस विंचरून घेतले, वहाणा घातल्या आणि पडदा बाजूला करून एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. तिच्या पुढच्या श्वासाचा आवाज मला ऐकू आला. एवढ्यात कोपऱ्यावरून दोन म्हातारे वळले. पंचगंगेवर आंघोळ करून येणारे, आमच्या तालमीचेच. त्यांनी आमच्याकडे पाहिलेही नव्हते.

मी काही ठरवले नाही. माझा हात आपसूक पुढे गेला आणि मी तिला धरून आत ओढले. हातात आले ते तिचे तेच मनगट.

ती भिंतीला टेकली. कळ ओसरेपर्यंत डोळे मिटून उभी राहिली.

"जाऊ देत त्यास्नी," मी म्हणालो. "मग निघू."

तिने खाली बसून डाव्या हाताने वहाणा काढल्या. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ते गेलं की दुसरं येतील."

दार माझे, पडदा माझा, नियम माझा. तो मोडला तर मला शिक्षा करणारा कोणी नव्हता. तरी मला तो मोडता आला नाही. पुढेही मी तिला दोनदा विचारले. दोन्ही वेळा ती म्हणाली, "कशाला उगं."

आता ती पोटभर जेवते, दूध पिते. अंग होते तेवढेच आहे आणि सुतळी मी चुलीत घातली आहे. रोज सकाळी ती परड्यात फिरते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बावीस पावले, मग वळायचे, पुन्हा बावीस. घाम आला की रांजणापाशी थांबते, तोंडावर पाणी मारते आणि परत चालू लागते.

एकदा मी तिथे जाऊन तिच्या शेजारून चालू लागलो. दोघांना तिथे जागा पुरत नाही, वळताना एकाला थांबावे लागते. दोन फेऱ्या तिने सोसल्या. मग उभी राहिली.

"तुमाला बाहीर जागा हाय की," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. मी बाजूला झालो आणि घरात आलो.