साखरेच्या डब्यावरची चिठ्ठी

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. आता लिहितोय तेही रागानेच.

मी दुसरी पास, तेव्हाची अक्षरंही पुढे विसरलो. मरोळच्या कारखान्यात तीस वर्षं प्रेस मशीन चालवली, बटनांच्या रंगावर. वाचायची गरज काय? घरी चारकोपला मात्र रोज सकाळी पेपर उघडून बसायचो. फोटो बघायचे, पान उलटायचं. सगळ्यांना वाटायचं, म्हातारा वाचतो. फक्त सून, वंदना — तिला पहिल्याच वर्षी कळलं असावं. लाईटबिल आलं की ती स्वतःशी वाचल्यासारखं मोठ्याने वाचायची. मला ऐकू येईल एवढं. बोलली कधीच नाही.

तिची मुलगी रश्मी सरकारी विद्यापीठात बी.ए.ला गेली. जपानी घेऊन. कट्ट्यावरचा तावडे म्हणाला, "काय रे, नात चायनीजची गाडी टाकणार का?" सगळे हसले. पण माझा राग तावडेवर नव्हता. मग कोणावर होता?

पाठांतरासाठी पोरीने घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. दारावर, पंख्याच्या बटनावर, साखरेच्या डब्यावर. वर जपानी, खाली मराठी. आणि मराठी अक्षरं केवढी — पहिलीच्या पुस्तकातल्यासारखी. एका रविवारी तावडे चहाला बसलेला, तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, वाचा ना. तुमच्यासाठी मोठं लिहिलंय."

तिला माहीत होतं? की माझ्या चष्म्यामुळे म्हणाली? मी विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही. माझ्या भिंती खराब करू नकोस म्हणालो आणि तावडेच्या देखत चिठ्ठ्या उपटल्या.

तेवढ्यावर थांबलो असतो तर — नाही थांबलो. दुसऱ्या दिवशी घरात कोणी नव्हतं. खाली रद्दीवाला ओरडला. टेबलावर रश्मीच्या वह्या होत्या, वर्षभर गिरवलेल्या. त्या बघून तिच्या मॅडम जपानला सहा महिने शिकायला जाणाऱ्या मुलीचं नाव ठरवणार होत्या. जेवताना हे दहा वेळा बोलून झालं होतं. म्हणजे मला माहीत होतं. चुकून गेल्या म्हणू? खाली जाऊन माझ्या हातांनी रद्दीवाल्याच्या पोत्यात घातल्या.

संध्याकाळी पोरीने घर उलटंपालटं केलं. मी म्हणालो, "तुझ्या आईने रद्दी दिली असेल." रद्दी तीच द्यायची ना. वंदनाने माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "गेल्या असतील माझ्याकडून."

का म्हणाली? माझी लाज राखायला? मला उलट तिचाच संताप आला. कोणी सांगितलं होतं तिला?

नाव दुसऱ्या मुलीचं लागलं. नऊ वर्षं झाली.

एक चिठ्ठी उपटायची राहिली होती, साखरेच्या डब्यावरची. आधी तिच्यावरून, मग पेपरातल्या मथळ्यांवरून मी लपून अक्षरं गिरवली. हे वाकडंतिकडं त्यातलंच. त्यात मोठेपणा कसला? पोरीचं घेतलं ते घेतलंच.

रश्मी आता अंधेरीला जपानी कंपनीत आहे. परवा आली. ऑफिसच्या कागदांची बॅग माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आजोबा, लक्ष ठेवा. आई कागद विकते." चेष्टेत नाही म्हणाली. वंदना ओट्याशी कणीक मळत होती. तिचा हात थांबला नाही.

मी "बरं" म्हणालो. आणि बॅग धरून बसलो.